होडी उलटीच आहे

रजा मंजूर झाली तेव्हाच योउनीने ठरवलं होतं,
होडी पुरी करायची.
वडिलांची होडी. चार हिवाळे शेडमध्ये
रुसून पालथ्या पडलेल्या पोरासारखी.

कारखान्यातल्या एकाने अशाच रजेत न्हाणीघराच्या फरशा बसवल्या,
दुसरा रोज बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसायचा,
बाळ सासूकडे.
योउनीने यादी केली: फळ्या तीन, तांब्याचे खिळे, डांबर.
यादीत आइला नव्हती.
पाच महिन्यांच्या मुलीला यादीत कुठे घालणार?

सोमवारी रिक्का कामावर निघाली.
दारातून तीनदा परत आली,
तिसऱ्यांदा काहीच विसरलेलं नव्हतं.

मग आइला रडली.
जानेवारीत केमी गावाला दहानंतर उजाडतं, दोनला मावळतीची घाई,
तेवढा सगळा उजेड ती रडली.
दूध झालं, लंगोट झाले, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या झाल्या.
बाहेर अंगणात, उणे आठात, बाबागाडीत
इथली सगळी बाळं गाढ झोपतात,
हिचे डोळे टक्क.

गुरुवारी तो तिला घेऊन शेडमध्ये गेला, निव्वळ हट्टाने.
शेगडी पेटवली.
टोपली धुळीपासून लांब, दाराशी ठेवली.
पॉलिशपेपर उचलला.
खस्स. खस्स.
आइला गप्प.
हात थांबला की तिचा ओठ थरथरायचा.
खस्स.
झोपली.

तेव्हापासून तीच एक फळी.
आधी गुळगुळीत झाली, मग चकचकीत,
मग झिजून आरपार दिसेल की काय अशी भीती वाटली
तेव्हा त्याने कागद उलटा धरला
आणि पाठच्या बाजूने नुसताच घासत राहिला.

वडिलांचा फोन. ‘होडी कुठवर आली?’
योउनी जन्मला तेव्हा वडील बर्फ फोडणाऱ्या जहाजावर होते.
एकोणीस दिवसांनी पोराचं तोंड पाहिलं,
हे ते दर नाताळला हसत सांगतात.
‘आवाज येतोय. चाललंय तर काम.’
‘चाललंय.’
मग दोघंही बोलले नाहीत.
‘झोपली का ती?’ म्हाताऱ्याने विचारलं,
इतक्या हळू, जणू टोपली त्याच्याच पायाशी होती.
‘झोपली.’
फोन त्याने ठेवला नाही.
खस्स. खस्स.
थोड्या वेळाने पलीकडून घोरणं ऐकू आलं.

योउनीने फोन टोपलीशेजारी ठेवला.
हात थांबवला नाही.