बोट

पेरामाच्या गोदीत एकतीस वर्षं मी बोटींची पोटं सांधली.
आता टायरांच्या जुन्या गोदामात
मंगळवारी, गुरुवारी
माणसांचे सांधे उलगडतो.
शटर अर्धंच वर जातं.
ते एक बरं आहे, जो येतो तो वाकूनच येतो.

खेळाचं नाव पान्क्रातिओन. म्हणजे सगळं बळ.
आमच्याकडे थोडंच आहे, त्यावर भागवतो.
गुरू कोणी नाही.
शिकवणारा शेवटचा माणूस जाऊन दीड हजार वर्षं तरी झाली,
जाताना त्याने डाव सांगितले नाहीत कोणाला,
किंवा सांगितले, आणि ऐकणारा ऑलिव्ह झोडपायला निघून गेला.
उरलेत रांजण, तेलाचे बुधले, एका थडग्याचा तुकडा.
त्यांच्यावर माणसं एकमेकांत अडकलेली,
काळी, नागडी, नाकं सरळ.
नाकं सरळ कशी राहिली, हा माझा पहिला प्रश्न.

चित्र सांगतं पकड कुठे आहे.
तिथवर हात कसा पोचला, ते सांगत नाही.
मग आम्ही उलटे जातो.
थ्रासिवुलोस खाली, मी वर,
एक पाय मागे, आणखी एक पाय मागे,
सांडलेलं तेल बुधल्यात परत भरावं तसे.
दोन-दोन महिने जातात एका खडाखडीला.
कधी शेवटी कळतं की
कुंभारालाच कुस्ती येत नव्हती.

नियम दोनच.
चावायचं नाही.
डोळ्यात बोट घालायचं नाही.
बाकी लाथ, बुक्की, गळा, टाच पिरगळणं, सगळं चालतं.
आणि थांबायचं असेल तर बोट वर,
शाळेत लघवीला जायचं असलं की करतो तसं.

माझी उजवी तर्जनी दुसऱ्या पेऱ्याशी संपते.
एका मालवाहू बोटीने ठेवून घेतली, सत्त्याण्णव साली.
पोरं विचारतात, मास्तर, तुमची शरणागती अर्धीच धरायची का?
मी म्हणतो, डाव्या हाताने शरण येतो मी,
तो रिकामा असला तर.

मग एव्हान्थियाने तो फोटो आणला.
संग्रहालयात ती भांड्यांच्या फटी भरते,
गेल्या हिवाळ्यापासून आमच्या गाद्यांवर आपटून घ्यायला येते.
जुन्या काळी तिला आत घेतलं नसतं,
शटर पूर्ण उघडं असतं तरी.

फोटोत एक जण वर, गुडघा पाठीत, दंड गळ्याखाली.
दुसरा पालथा,
त्याचा उजवा हात मनगटाशी संपलेला.
पुढची खापरीच नाही.
शेजारी पंच, काठी उगारून.

थ्रासिवुलोस म्हणाला, ठोसा. मागे, बरगडीत.
मी म्हटलं, बोट. चेहरा बघ की त्याचा.
चेहरा सगळ्यांचाच तसा होतो, एव्हान्थिया म्हणाली,
आणि पालथी पडली. दाबा.

मी दाबलं.
नीट दाबा. मातीची नाहीये मी.

गुडघा मणक्यावर, दंड हनुवटीखाली.
तिची नाडी माझ्या कोपरात लागत होती.
बाहेर एक ट्रक मागे येताना केकाटत होता.
तिचा उजवा हात सुटा होता.
ठोसा मारता आला असता.
बोट वर करता आलं असतं.
तो गादीवर पुढे सरकला, पंजा पसरला,
आणि नुसता रेटत राहिला जमीन,
बंद पडलेली गाडी एकट्याने ढकलावी तसा.
किती वेळ, कोण जाणे. थ्रासिवुलोस मोजायचं विसरला.
मग माझा गुडघा घसरला.
पुढचं आठवतं ते छताचा पत्रा,
त्यातलं गंजकं भोक,
आणि माझा डावा हात, रिकामा, आपोआप वर.

तिने पिशवीतून पेन्सिल काढली.
फोटोतल्या पांढऱ्या जागी बोटं काढू लागली,
जमिनीला टेकलेली.
तीन काढली आणि थांबली.
हा पुरावा नाही, म्हणाली. ही मी आहे.
आणि खोडून टाकली. कागद तेवढा मळला.

तो फोटो आता स्विचबोर्डाशेजारी चिकटवलाय.
परवा एक नवा पोरगा आला, वाकून,
त्या डागावर बोट ठेवून म्हणाला,
मास्तर, इथे कोणता डाव आहे?
मी म्हटलं, हात धुऊन ये आधी.