दीड, दोनदा

बंदोबस्त सगळा केला होता.
चार बंदरांना शुक्रवारीच कळवलं:
रविवारी पहाटे एक ते दोन
भरती मोजणाऱ्या यंत्रांवरची देखरेख बंद.
डिस्क बदलायची आहे, काहीही वाजणार नाही.
झोपा.

पुंता अरेनासहून एउलोहिओचं एका ओळीचं उत्तर:
कोणते एक ते दोन?
मला तो खवचटपणा वाटला.
आमचे, मी लिहिलं, सेंट जॉन्सचे.

विसरले ते एवढंच
की त्या रात्री आमच्याकडे घड्याळं मागे जातात.
दोन वाजायला येतात आणि वाजत नाहीत.
पुन्हा एक.
दारापर्यंत गेलेला माणूस चष्म्यासाठी परत यावा
तसा दीड दोनदा येतो.

यंत्रानं पहिला धरला.
मी दुसरा.

पहिल्या तासात सगळी मुकी,
मी स्वयंपाकघरात चहा ढवळत, वेळ मारून नेत,
धक्क्यावर धुक्यात एक पिवळा दिवा.
दुसऱ्यात मी डिस्क उपसली
आणि पृथ्वीच्या तीन टोकांना बोंब उठली.

पर्नूत सकाळचे सात, मारिकाचे केस ओले.
एउलोहिओकडे रात्रीचे दोन, अंगावर पोंचो.
चॅथम बेटावर नायरी जेवायला बसणार, पावणेसात.
चारशे बारा इशारे, सगळे खोटे.
तरी विचारलं होतं, एउलोहिओ म्हणाला.

मी माफी मागितली. डिस्क बसली.
पण मग कुणीच उठेना.

तुझ्या मागच्या घड्याळाला ते लाल काय लागलंय, नायरीनं विचारलं.

वडिलांचं आहे.
अ‍ॅम्ब्रोज, जहाजावरचे रेडिओवाले.
तबकडीवर दोन लाल पाचरी:
सव्वाला तीन मिनिटं, पावणेला तीन मिनिटं.
तेवढा वेळ समुद्रावर सगळ्यांनी गप्प बसायचं, दर तासाला.
कॉड माशाचा भाव कळवणारा असो
की घरी मुलगी झाली म्हणून विचारणारा,
कळीवरून हात उचलायचा.
कुठे कुणी बुडत असेल,
बॅटरी संपत आली असेल,
तर त्याची बारीक टिकटिक
त्या गप्पपणात सापडावी.

आमची वेळ जगापासून अर्धा तास वाकडी,
पण अर्ध्या तासानं सव्वाचा पावणे होतो
आणि लाल जिथल्या तिथे.
ह्याचा त्यांना कोण अभिमान,
जसं काही त्यांनीच जमवून आणलं.

आमचं नाही जमणार, नायरी म्हणाली.
त्यांचा फरक पाऊण तासाचा.

ते गप्प बसत ऐकू यावं म्हणून.
मी गप्प बसवते ऐकू येऊ नये म्हणून,
आणि कानाडोळ्याला नोंदवहीत लिहिते
नियोजित.

भिंतीवरचं घड्याळ मी मागे केलं नव्हतं.
त्यात पावणेतीन झाले, काटा लालात शिरला.
बसायचं का, मारिकानं विचारलं.

बसलो.
पर्नूत किटली उकळायला लागली.
चॅथमला एका पोरानं मागून विचारलं, कोण मेलं?
नायरीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.
मग काही नाही.
मग
टुक्.

बराच वेळ काही नाही.
टुक्.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.
एउलोहिओ, तुझ्याकडे.
कुठे? मला काही ऐकू येत नाही.
वर. छतावर. धूर ओळखणारा तो गोल डबा,
त्याची बॅटरी संपत आलीय.

टुक्.

तो मान वर करून बघत राहिला.
हे? हे तर केव्हापासून, म्हणाला,
आणि खुर्ची ओढायला उठला.