चुरी

रात्री साडेअकराला तुझा फोन, हर्षाली:
"मामा, माणसं ऐकत नाहीत."
पाइपच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होऊन
तुला झाले सतरा दिवस.
अगं, तूरसुद्धा ऐकायले पाच दिवस घेते.

मी काही कोच नाही.
हॉटेलातल्या त्या शिबिराला मीही गेलो होतो,
अडीच हजार भरून, असोसिएशनच्या आग्रहाखातर.
कॉलरला माइक लावलेला मुलगा म्हणाला, डोळे मिटा,
पाच वर्षांनंतरची आपली कंपनी बघा.
मी मिटले. मला दिसला
एलेव्हेटरचा तुटायला आलेला पट्टा.
जेवण मात्र चांगलं होतं.

मला कळतं ते चुरीतलं.
क्विंटलभर तुरीतून डाळ किती, चुरी किती,
जळगावच्या एमआयडीसीत माझी बावीस वर्षं
या दोन आकड्यांच्या मधे गेली.
रोलर दाणा फोडतो एका क्षणात,
पण त्याआधी तेल चोळायचं, पाणी मारायचं,
रात्रभर ढिगात मुरू द्यायचं,
मग गच्चीवर ऊन. इथलं ऊन तुला माहीतच आहे,
चपलेतून तळवा मागतं.
साल आपोआप सैल होते.
घाई केली तर दाणा साल सोडत नाही,
जीव सोडतो.

हे माणसांबद्दल सांगतोय असं समजू नकोस.
दाण्याला काही आठवत नाही.

जामसिंग पावरा. चोपड्याच्या वरचा, सातपुड्यातला.
नऊ वर्षं रोलरवर. गॅप कानाने लावायचा.
डोकं कलतं करून उभा राहायचा जरा वेळ,
मग म्हणायचा, "शेठ, आज ही खोकते."
संक्रांतीनंतर नवी तूर सुरू झाली
आणि चुरी नऊ टक्क्यांवर गेली.
इंदूरचा व्यापारी ऑफिसात बसलेला.
मी खाली उतरलो आणि चौदा जणांसमोर,
हमालांसमोर, चहावाल्या पोरासमोर
त्याला बोललो. काय बोललो ते सांगत नाही.
त्याने फडक्याला हात पुसले, एवढंच.
संध्याकाळी कळलं, तूरच ओली होती,
मीच स्वस्तात उचललेली.
सकाळी तो तेच सांगायला आला होता.
मी फोनवर होतो. हाताने "नंतर" म्हणालो होतो.

माफी मागितली मी. ऑफिसात, दार लावून.
बघ, ओरडलो उघड्यावर
आणि माफी मागितली बंद दारामागे.
अशाने रोजमेळ जुळत नाही.
होळीला तो गावी गेला. भोंगऱ्याचा बाजार झाला,
होळी झाली, पाडवा झाला.
हिशेबाचे पैसे न्यायला भाऊ आला.

आता डिप्लोमा झालेला मुलगा आहे, फीलर गेजने गॅप मोजतो.
चुरी साडेपाच. वाईट नाही.
फक्त मशीन खोकते का
हे मला कुणी येऊन सांगत नाही.

तेव्हा उद्या गेलीस की आधी लॅपटॉप उघडू नकोस.
जो सगळ्यात कमी बोलतो
त्याच्या मशीनपाशी जाऊन उभी राहा.
विचार, इथे पुढच्या महिन्यात काय बिघडेल?
आणि मग गप्प बस.
जड जाईल. शेवटी माझ्या बहिणीची पोरगी तू.
तो म्हणेल, काही नाही मॅडम.
परवा पुन्हा जा.

आणि वरच्या साहेबाने तुझ्यावर जे ओतलं
ते तसंच्या तसं खाली ओतू नकोस.
उरलेलं घेऊन मला फोन कर,
साडेअकराला कर, बाराला कर,
मी जागाच असतो.

हल्ली मीही रोलरपाशी
डोकं कलतं करून उभा राहतो थोडा वेळ.
पोरं एकमेकांकडे बघतात.
अजून तरी मला
नुसता आवाजच ऐकू येतो.