शाकारणी

पालातिन टेकडीच्या कडेला,
संगमरवराच्या दाटीत, एक झोपडी आहे.
कुडाची, मातीने लिंपलेली, वर लव्हाळ्याचं छप्पर.
पहिला राजा इथे राहायचा, म्हणतात.
ती पडू द्यायची नाही
आणि सुधारायचीही नाही, असा दंडक आहे.

परवा कावळ्याने वेदीवरचा जळता मांसाचा तुकडा
नेता नेता वर टाकला,
आणि साम्राज्याचा जन्म
लोक बादल्या शोधेपर्यंत जळून गेला.

मग कारागीर शोधायला निघाले.
कमानी उचलणारे मिळाले,
पाण्याला खांबांवरून चालत आणणारे मिळाले,
गवताने घर शाकारणारा एवढ्या मोठ्या शहरात
एकही उरला नव्हता.
मुकादम स्पेन्डोचं बोट गुलामांच्या यादीवरून उतरत आलं:
दिझा. दाकियाचा. चाळिशीचा.
पुढचा एक दात नाही. हात शाबूत.

माझं गाव उतारावर होतं.
बावीस घरं.
अशीच.

नुमिसियस कारकून स्टूल घेऊन येतो,
मी कशाला हात लावतोय ते मला कळावं म्हणून.
"खाली सगळी दलदल," तो सांगतो,
"बेडूक, हिवताप आणि मेंढरांमागची पाच-पन्नास माणसं.
पण नदी इथेच पायी ओलांडता यायची,
म्हणून मीठवाले थांबायला लागले."
मी मेढी रोवतो. वासे चढवतो.
"बायका नव्हत्या. शेजाऱ्यांच्या आणल्या."
'आणल्या' तो जरा घाईने उरकतो.

मग दलदल नाल्यात उतरवली,
मग राजे हाकलले, आणि राजा हा शब्द
तोंडात येऊ द्यायचा नाही असं ठरलं.
(ठरलं ते अजून पाळतात,
राजवाडा इथून हाकेच्या अंतरावर आहे.)
हरलेल्याला पंगतीला बसवायचं
आणि पुढच्या लढाईला उठवायचं,
हे ज्याला सुचलं त्याचं नाव कारकुनाला माहीत नाही.
जहाज बांधता येईना,
तेव्हा शत्रूचं एक किनाऱ्याला लागलेलं
फळी फळी सोडवून पाहिलं
आणि तसंच शंभरदा केलं.

"मग?" मी वरून विचारतो.
पेंढी दातात धरलेली, दात नाही त्या फटीत सुंभ.
"मग काय, वाढतच गेलो."
तो बोटांवर प्रांत मोजतो,
सिसिली, हिस्पानिया, आफ्रिका,
मोजता मोजता करंगळीपाशी येतो
आणि थांबतो.
माझ्या हातांकडे बघतो.
खाली शिल्पकार खांब घासताहेत त्याचा आवाज,
बराच वेळ तेवढाच.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
आमचे फिरले नव्हते.
जळताना शेवटपर्यंत आढ्याला धरून होते,
मी पाहिलंय,
दोरीला बांधलेला, मान मागे वळवून.

चौथ्या दिवशी आढ्यावरची शेवटची गाठ.
ती इथे कशी मारायचे, कुणालाच आठवत नाही.
मी डावीकडून दोन वेढे घेतले,
तिसरा खालून,
आई घ्यायची तसा,
म्हणजे वारा उत्तरेचा असला तरी सुटत नाही.
इथे उत्तरेचा वारा फारसा येत नाही.

नुमिसियसने लांबी मोजली, रुंदी मोजली,
वहीत लिहिलं: पूर्ववत.

गळतंय का पाहायला मी आत शिरलो.
कुठूनही उजेड येत नव्हता.
ओल्या लव्हाळ्याचा वास,
गुडघ्याखाली थंड माती.
कामापेक्षा जास्त वेळ बसलो.
बाहेरून स्पेन्डोने हाक मारली
आणि मी ओ दिली,
कुठल्या भाषेत, ते बाहेर आल्यावर
त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं.