पाकीट चिकटवण्याआधी

जसिंता रुमाव हिला तुम्ही किती काळ ओळखता, विचारलंय.
सहा वर्षं, चार महिने.
त्यातल्या रात्री वेगळ्या मोजायच्या का,
ते विचारलेलं नाही.

फॉर्म आयर्लंडचा. दुपारी दोनला उघडला,
औषधांची फेरी झाल्यावर,
परळच्या या वॉर्डात टेबलाचा एक कोपरा
माझा असतो तेवढ्या वेळात.
अर्जदाराने हा वाचू नये, असं वर ठळक अक्षरांत.
अर्जदार समोर अकरा नंबरचं सलाईन बदलतेय
आणि माझ्याकडे न बघण्याचं काम
फार मन लावून करतेय.

वॉर्डातील खाटा: चाळीस.
म्हणजे मंजूर खाटा.
बारा आणि तेराच्या मधे जमिनीवर गादी आहे,
तिच्यावरच्या माणसाला आम्ही साडेबारा म्हणतो.
त्याची बायकोही म्हणते, ताई, आमच्या साडेबारांना ताप चढलाय.
तिला बरंच झालं,
नवऱ्याचं नाव घ्यावं लागत नाही.
फॉर्मवर साडेबारा कुठे लिहायचा?
चौकटीला दोनच घरं.

संभाषणकौशल्य, एक ते पाच.
इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा राहिली,
दोन्ही वेळा लिहिण्यात, अर्ध्या गुणाने.
तिसऱ्यांदा सुटली तेव्हा पेढे नाही,
घरची सुकेळी आणली, वसईची, पानात बांधलेली.
लालबागच्या म्हाताऱ्याला परवा पहाटे विचारत होती,
ठणकतंय, ठसठसतंय,
की नुसती कळ येऊन जाते?
तो म्हणाला, सणकतंय.
तेवढ्यावर तिने डॉक्टरांना उठवलं, आणि बरं केलं.
तिकडे दुखण्याचा आकडा सांगतात म्हणे, दहापैकी.
शिकेल.
पाच दिले.

सेवेत खंड असल्यास खुलासा करा.
आहे. चौदा महिने.
बापाची उजवी बाजू गेली होती,
दर दोन तासांनी कूस, नाकातून नळी,
चौदा महिन्यांत पाठीवर एक जखम नाही.
मी लिहिलं, वैयक्तिक कारण.
खोडलं.
लिहिलं, रुग्णसेवा.
तेही खोडलं, पुरावा मागतील.
खाडाखोड चालत नाही,
म्हणून मामाला खाली पाठवून नवी प्रत काढली, दोन रुपये.
तिच्यावर लिहिलं: घरी होती.

माझंही एक पाकीट गेलं होतं, सौदीला.
तेव्हाच्या मेट्रनबाईंनी माझ्यासमोर चिकटवलं,
जोडावर सही केली, सहीवर सेलोटेप.
उत्तर आलं नाही.
आत काय लिहिलं होतं
मला अजून माहीत नाही.
बाई वारल्या. मी मातीला गेले होते,
तिथेही तेच डोक्यात.

शेवटचा प्रश्न.
या व्यक्तीला तुम्ही पुन्हा कामावर घ्याल का?
हो, नाही, यांपैकी एकावर खूण.
कारणांसाठी ओळ ठेवलेली नाही.
जागा एकदा रिकामी झाली की फाईल वर्षभर फिरते,
मग कुणी सहा महिन्यांच्या करारावर येतं,
शीर सापडायला लागते तोवर करार संपतो.
पण तसं नाही विचारलेलं.

पेन जरा जास्तच दाबलं गेलं.
मागच्या पानावरही उठलंय, हो.

शिक्क्याचं पॅड वाळलेलं. दोन थेंब स्पिरिट टाकलं.
रुग्णालयाचं नाव उमटलं, तारीख थोडी फुटली.
फुटू दे.

पुढच्या महिन्याच्या ड्युट्या लावायला घेतल्या.
सगळी नावं मी पेनाने लिहिते.
एक पेन्सिलने लिहिलं, नाइटला, पहिल्या आठवड्यात.
तेवढ्यात ती आलीच,
हातात ट्रे.
सिस्टर, झालं?

काय झालं?

काही नाही, म्हणाली,
साडेबाराचं ड्रेसिंग आधी करू
की नंतर?