खरं

वडगावात खाली चार माग, वर माझी खोली.
माग सुरू झाले की भिंगाखालचा खडा थरथरतो,
म्हणून मोजायचं काम रात्री अकरानंतर,
किंवा मंगळवारी लाईट जाते तेव्हा,
बॅटरीच्या उजेडात.

खडा म्हणजे माशाच्या कानातलं हाड,
गव्हाच्या दाण्याएवढं.
बॅरेंट्स समुद्रातून ट्रॉम्सोला, ट्रॉम्सोहून गोव्याला,
गोव्याहून चोर्ल्याच्या घाटानं एस्टीत
माझ्या मांडीवर, चिवड्याच्या डब्यात
कापसात गुंडाळून आलेले दोनशे चाळीस कान.

वर्षाला एक कडं.
उन्हाळ्याचं पांढुरकं, हिवाळ्याचं काचेसारखं.
बर्फाखाली जन्मलेल्या या लहान कॉडनं
किती हिवाळे ऐकले ते मी मोजते.
तिकडे टोरुन नावाची बाई तेच फोटो मोजते.
दोघींचा आकडा जुळला तर वय पक्कं.

एकशे सतरा नंबरचा जुळेना.
ती म्हणते चार. मी म्हणते पाच.

आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो, खरं उशीर होईल.
पोरगी चांगली आहे, खरं बोलत नाही.
पुण्याच्या वसतिगृहात मुली हसायच्या,
तू सारखी शपथ का घेतेस गं?
मी 'पण' शिकले. प्रबंधात एकशे नव्वद 'पण' आहेत.

आप्पा हिडकलहून आले, पिशवीत दोन चिलापी.
चष्मा कपाळावर सारून भिंगाला डोळा लावला.
चाळीस वर्षं धरणात जाळं टाकलेला माणूस,
माशाचं पोट अंगठ्यानं दाबून
पाणी कसं आहे ते सांगणारा.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग, "शेवटचं वरीस उपाशी गेलंय गे ह्याचं."

मी त्यांना सांगितलं
तिथलं पाणी तापतंय, बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो.
तेलानं भरलेले बारीक जीव कमी झाले,
त्यांच्या जागी दक्षिणेकडचे आले, सडपातळ.
त्यांच्या मागोमाग मोठे कॉड, हॅडॉक,
आणि त्यांच्या मागोमाग बोटी.
अहवालात पहिल्याच पानावर आहे:
पकड वाढली.

आप्पा खिडकीत बसून बिडी शोधत होते.
"आमच्यात आधी वाम होती. मरळ. खवली तर हाताएवढी.
मग चिलापी आली.
जाळं भरलं की! कंत्राटदार खूश,
संकेश्वरचा बाजार खूश, मी पण खूश,
तुझी फी त्यातच भरली.
खरं..."

आणि तिथंच थांबले.
पुढं काही असेल म्हणून मी वाट बघितली.
गल्लीत गुरव्वा सुनेला कानडीत ओरडत होती,
सून मराठीत उत्तर देत होती,
दोघींचं सगळं कळत होतं.

बारा वाजता वीज गेली.
माग नव्हतेच, आता पंखाही नाही.
बॅटरी तिरकी धरली तेव्हा
काठाला, अगदी काठाला,
केसाहून बारीक एक रेघ दिसली.
वाढच नाही त्या वर्षात. नुसतं असणं.
टोरुनच्या फोटोत ती येणार नाही.

तक्त्यात शेऱ्यासाठी चाळीस अक्षरांची जागा असते.
इंग्रजीत सकाळी लिहीन.
तोवर वहीत पेन्सिलीनं:
'११७. पाचवं वर्ष आहे, खरं'
आणि पुढं मलाही सुचलं नाही.

आप्पा अंधारातून म्हणाले,
"आणि खायला कसा असतोय हा?"

माहीत नाही, आप्पा.
मी फक्त कान बघितलेत.