गोदीआधीची फेरी

धरमपेठेत दुसऱ्या मजल्यावर, कूलरच्या घरघरीत,
ठवकरांचा चेतन कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवतो.
पडद्यावर जहाज. पांढरं.
अकरा मजले, प्रत्येकाला दिवे.
झिरो माइलच्या दगडापासून कुठल्याही बाजूला निघा,
समुद्र सारखाच लांब, असं मी शाळेत समजायचो.
प्रमिला अजून समजते.

"काका, ही तारीख नका घेऊ," तो म्हणतो,
"नोव्हेंबरची ही शेवटची फेरी.
सतराला जहाज सुक्या गोदीत जाऊन राहिलं,
म्हणून तर एवढं स्वस्त देऊन राहिले.
गालिचे झिजलेले, पोहायचा तलाव रिकामा,
कामगार आधीच चढून पत्रे ठोकत बसतात.
डिसेंबरची घ्या. सगळं कोरं मिळेल.
फक्त..."
इथे तो पेन चावतो.
"गोदीतून वेळेवर निघेलच असं नाही.
नाही निघालं तर कंपनी पैसे परत करते.
रेल्वेच्या तिकिटाचं मात्र तुमचं तुम्ही."

हे तो मला सांगतोय.
एकतीस वर्षं मोतीबाग वर्कशॉप.
डब्याच्या अंगावर रंगाने लिहिलेली असायची
त्याची परत यायची तारीख.
तारीख जवळ आलेला डबा
आम्ही यार्डात शिरतानाच ओळखायचो.
हातोडी टेकवली की धड चाक वाजतं,
तडकलेलं खोकतं.
आणि दुरुस्त होऊन निघालेल्या पहिल्या गाडीत
आमच्यापैकी कोणी बायकोपोरं बसवत नसे.
रंग ओला, बोल्टांची अजून आपसात ओळख नाही.
महिन्याभराने बसा, मेश्राम मिस्त्री म्हणायचे,
नाहीतर आधीच बसा, जुनी असताना,
ती कुठे कुरकुरते हे ड्रायव्हरला पाठ असताना.

प्रमिला पडद्याकडे बघून राहिली.
मांडीवरच्या पिशवीत तिच्या गुडघ्यांचे एक्स-रे,
आणि रामदासपेठेतल्या डॉक्टरची चिठ्ठी:
डावा, दोन डिसेंबर.
उजवा, उन्हाळा गेल्यावर बघू.

"डिसेंबरात तर मी गोदीत," ती म्हणते.
चेतन माझ्याकडे बघतो. मी कूलरकडे.
"अन् काहून रे बाप्पा,
झिजलेल्या गालिच्यावरून समुद्र दिसत नाही का?"

मग फॉर्म. नाव, वय, वय.
चालण्याचा काही त्रास?
"नाही," ती म्हणते, माझ्याआधी.
खिडकीची खोली साडेचार हजारांनी महाग.
"खिडकी पाहिजे."
मी म्हणतो, खोलीत बसणार किती आपण.
"खिडकी पाहिजे."

ती माठाकडे पाणी प्यायला उठते
तेवढ्यात मी हळूच विचारतो, लिफ्ट किती?
"तीन, काका. एक बंद राहील त्या फेरीत."
"काय म्हणतो?" ती तिकडून.
"दोन लिफ्ट आहेत म्हणतो."

या इमारतीला एकही नाही.
बत्तीस पायऱ्या, कठड्याला तिचा हात.
डावा. थांब. उजवा.
डावा. थांब. उजवा.
मी एक पायरी पुढे, अर्धा पाठमोरा,
जुन्या सवयीने कान लावून.
चाळीस वर्षांत हा आवाज कधी असा झाला
ते मला सांगता यायचं नाही,
पण मध्यरात्री स्वयंपाकघराकडून तो आला
की मी दिवा न लावता कूस बदलतो.
नवा गुडघा येईल. वाजेल धड.
मग अंधारात काही दिवस
कोण आहे, असं विचारावं लागेल.

खाली मे महिना. दुपारचा दीड.
रस्त्यावर चिटपाखरू नाही,
आणि पार चौकापर्यंत डांबर
पाण्यासारखं हलतंय, चकाकतंय.
ती दुपट्टा डोक्याला गुंडाळते,
पिशवी माझ्या हातात देते,
एक्स-रे, पावती, सगळं एकत्र.

"घ्या," ती म्हणते, "इथूनच सुरू झाला."
आणि उतरते त्यात, आधी डावा पाय टाकून.